म्हाताऱ्याने उत्तर दिले होते

जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी महाराष्ट्रात वाचली गेली त्याच्या कितीतरी पट ऐकली गेली असावी, आणि ऐकवली ती वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखकांनी. सरकारने एखादा जाचक कायदा आणला, फोनवर पाळत ठेवल्याची बातमी आली, पाठ्यपुस्तकातला एखादा धडा गाळला, की दोन दिवसांत संपादकीय पानावर 'बिग ब्रदर' हजर होतो. त्याला आमची हरकत नाही. आमची हरकत वेगळी आहे. हे लेख लिहिणारा प्रत्येक जण स्वतःला त्या कादंबरीचा नायक, म्हणजे विन्स्टन स्मिथ समजतो. त्या कादंबरीत आणखी पुष्कळ लोक राहतात, याचा पत्ताच लेख वाचणाऱ्याला लागत नाही.

हे निरीक्षण मूळचे आमच्या अभ्यासिकेतल्या एका विद्यार्थिनीचे आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही कार्यकर्ते मिळून ही अभ्यासिका चालवतो. ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. कॉलेजने एका इंग्रजी कादंबरीवर आणि तिच्या समकालीन संदर्भावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तिने '१९८४' निवडली. शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिना ती वाचली आणि त्याच दिवसांत अभ्यासिकेतल्या जुन्या-नव्या वृत्तपत्रांतून ऑर्वेलचे नाव असलेल्या लेखांची कात्रणे काढून वहीत चिकटवली. निबंधाला वीसपैकी आठ गुण मिळाले. समासात लाल शाईने शेरा होता : 'कादंबरीत जातीचा प्रश्न नाही. विषयांतर टाळावे.'

त्या शेऱ्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. विद्यार्थिनीची परवानगी घेतली आहे; नाव तिच्याच इच्छेवरून गाळले आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये ती प्रसिद्ध झाली. ओशनिया नावाचे एक महाराज्य आहे, त्यात लंडन हे एक शहर. सत्ता एकाच पक्षाची, आणि पक्षाचा चेहरा बिग ब्रदर. पक्षाच्या सदस्यांच्या घरात टेलिस्क्रीन आहे. ती बोलते, बघते आणि ऐकतेही. ती बंद करता येत नाही. सर्वांत वर अंतर्गत पक्ष, त्याखाली बाह्य पक्ष आणि तळाला 'प्रोल्स' म्हणजे कष्टकरी, लोकसंख्येच्या सुमारे ८५ टक्के. नायक विन्स्टन बाह्य पक्षातला कारकून आहे. सत्य मंत्रालयात तो 'द टाइम्स' या वृत्तपत्राचे जुने अंक दुरुस्त करतो. पक्षाचे भाकीत चुकले की जुन्या अंकातले भाकीतच बदलायचे. एखादा माणूस नाहीसा केला गेला की त्याच्याबद्दलच्या जुन्या बातम्याही नाहीशा करायच्या. पुढे तो चोरून रोजनिशी लिहितो, प्रेम करतो, पकडला जातो आणि मोडून पडतो.

आता आमच्या विद्यार्थिनीने काय लिहिले ते बघा. तिचे पहिलेच वाक्य असे : 'विन्स्टनवर अन्याय होतो, पण त्याच्या आधी तो पेपरवाला आहे.' कात्रणांतल्या एकाही लेखात हा मुद्दा नव्हता. विन्स्टनला आपले काम आवडते, हे ऑर्वेलने लपवलेले नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद त्याला या कामातच मिळतो. ओगिल्व्ही नावाचा, कधीच न जन्मलेला एक हुतात्मा तो बसल्याजागी तयार करतो, आणि आपल्या कसबावर खूश होतो. स्वतःला विन्स्टन म्हणवणाऱ्या स्तंभलेखकाने विन्स्टनचे दुःख घेतले, पण त्याचे टेबल मात्र घेतले नाही.

ते टेबल मराठी वृत्तपत्रसृष्टीत नव्हते काय? कादंबरीत नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकतात आणि तो खाली भट्टीत जळतो. आमच्याकडे भट्टीची गरज पडली नाही. छापलेच नाही तर जाळायचे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापायची तयारी असतानाही 'केसरी'ने ती नाकारली. ज्या समाजाला स्वतःच्या पत्राला 'मूकनायक' हे नाव द्यावे लागते आणि सात वर्षांनी 'बहिष्कृत भारत' हे नाव द्यावे लागते, त्याचे जुने अंक दुरुस्त करायचा प्रश्नच येत नाही. तो जुन्या अंकांत नसतोच.

हा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास झाला असे कोणी म्हणेल, म्हणून खैरलांजी आठवावी लागते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. भैयालाल भोतमांगे एकटे वाचले. सुरुवातीच्या बातम्यांत काय आले? अनैतिक संबंधांतून हत्याकांड. जातीचा उल्लेख नाही, जमिनीच्या वादाचा नाही, सुरेखाबाई आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीला उभ्या राहिल्या त्याचा नाही. मेलेल्या बाईचे चारित्र्य मात्र छापून आले. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा कॅमेरे आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली एकालाही नाही. बातमीतून जो शब्द पहिल्या दिवशी गेला तो निकालातही परत आला नाही. निकाल बातमीवरून लागला असे आम्ही म्हणत नाही. दोन्हीकडून एकच शब्द गळावा, याची नोंद तेवढी करतो.

आता निबंधाचा गाभा. याच भागावर 'विषयांतर' असा शेरा आहे.

कादंबरीत एक प्रसंग आहे. क्रांतीपूर्वीचे जग खरोखर कसे होते, हे विन्स्टनला जाणून घ्यायचे आहे. पक्षाच्या शालेय पुस्तकात लिहिले आहे की पूर्वी भांडवलदार उंच टोप्या घालून फिरत आणि बाकीच्यांना त्यांच्यापुढे वाकावे लागे. हे खरे की खोटे? विचारायचे कोणाला? म्हणून तो कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या एका दारूच्या गुत्त्यात शिरतो, ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला बिअर पाजतो आणि प्रश्न विचारू लागतो. म्हातारा आधी बिअरच्या मापाबद्दल कुरकुरतो, मग मेव्हणीच्या मयतीला भाड्याने आणलेल्या टोपीबद्दल बोलतो. विन्स्टन वैतागतो. तो मोठा प्रश्न विचारतो आहे आणि म्हातारा बारीकसारीक सांगतो आहे. शेवटी म्हाताऱ्याची स्मृती म्हणजे तपशिलांचा उकिरडा आहे, असे ठरवून विन्स्टन नाद सोडतो.

या प्रसंगाचा अर्थ स्तंभांतून, गाइडांतून आणि वर्गातही एकच सांगितला जातो : हुकूमशाहीत सामान्य माणसाची स्मृती मरते, त्याला तुलना करता येत नाही. आमच्या विद्यार्थिनीने हे पान तीनदा वाचले आणि अभ्यासिकेत येऊन म्हणाली, "दादा, म्हातारा तर सगळं बोललाय की! ह्यालाच ऐकू आलं नाही."

आणि ती बरोबर आहे. त्यांना 'साहेब' म्हणावे लागे का, टोपीला हात लावावा लागे का, असा विन्स्टनचा प्रश्न आहे. म्हातारा विचार करून उत्तर देतो. हो, त्यांना ते आवडायचे, मला स्वतःला पटत नव्हते, पण करायचो, करावेच लागायचे. याहून सरळ उत्तर कोणते असते? समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही वर्चस्वाच्या सिद्धांतांवर पानेच्या पाने वाचली. पटत नव्हते, आवडणारे ते होते, आणि करावेच लागायचे, या तीन गोष्टी एका दमात सांगणारी व्याख्या त्यांत आम्हाला सापडल्याचे आठवत नाही.

पुढे विन्स्टन विचारतो, की ते लोक तुम्हाला फुटपाथवरून गटारात ढकलत असत का? म्हातारा सांगतो, एकाने ढकलले होते. बोटींच्या शर्यतीची रात्र होती. उंच टोपी घातलेला एक प्यालेला तरुण झुलत आला, याचा त्याला चुकून धक्का लागला तसा तो यालाच दटावू लागला, याने पोलिसात देण्याची धमकी दिली तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून असे ढकलले की हा बसच्या चाकाखाली जायचाच राहिला. मी तेव्हा तरुण होतो, म्हातारा म्हणतो, मी त्याला एक ठेवून देणारच होतो, पण...

या 'पण'वर त्याचे बोलणे तुटते. पुढच्याच ओळीत विन्स्टनला हताश वाटते आणि उकिरड्याचा निष्कर्ष येतो.

'त्या "पण"च्या पुढे काय होते ते आम्हाला माहीत आहे,' असे तिने निबंधात लिहिले आहे. गुण देणाऱ्याने या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. हेच बहुधा ते विषयांतर.

आम्ही विचारतो, यात विषय कुठे सुटला? टोपीला हात लावणे आणि जोहार घालणे, फुटपाथवरून खाली उतरणे आणि समोरून कोणी येताना दिसल्यावर रस्त्याच्या कडेला होणे, हे एकच आहे असे ती म्हणत नाही. एका ठिकाणी वर्ग आहे, दुसऱ्या ठिकाणी जन्म आहे, आणि टोपी उतरवणारा इंग्रज मजूर अस्पृश्य नव्हता. हा फरक तिने स्वतःच मांडला आहे. तिचे म्हणणे इतकेच, की ज्याला कडेला व्हावे लागले आहे त्याला म्हाताऱ्याचे बोलणे समजते आणि ज्याला व्हावे लागले नाही त्याला तो तपशिलांचा उकिरडा वाटतो. कादंबरीत जात नाही हे खरे. वाचणाऱ्याला आहे.

ऑर्वेलवर मात्र आमचा राग नाही. म्हाताऱ्याच्या तोंडी ते उत्तर त्यानेच घातले, म्हणजे विन्स्टनला जे ऐकू आले नाही ते त्याला आले होते. तो हिंदुस्थानातच, मोतीहारीला जन्मला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. १९२२ ते १९२७ तो ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात अधिकारी होता. लोकांना कडेला व्हायला लावणारी सत्ता कशी चालते हे त्याने टेलिस्क्रीनच्या आतल्या बाजूने पाहिले होते. नंतर तो लंडनच्या भटक्या-भिकाऱ्यांत आणि उत्तर इंग्लंडच्या खाण कामगारांत राहिला. शिवाय तो स्वतः स्तंभलेखक होता. 'ट्रिब्यून' साप्ताहिकातल्या त्याच्या सदरात १९४३ मध्येच त्याने लिहिले होते की आशियाई आणि काळ्या लोकांना अपमानास्पद वाटणारे शब्द छापणे पत्रकारांनी थांबवावे. आमच्या स्तंभलेखकांनी त्याची कादंबरी घेतली, त्याचे हे सदरही वाचायला हवे होते.

शब्दांवरून आठवले. या मुद्द्यावर आमचा आणि विद्यार्थिनीचा मतभेद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

कादंबरीत 'न्यूस्पीक' नावाची भाषा आहे. शब्द कमी करत न्यायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर विचारही मरतात. विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की आमच्याकडे शब्द मारतात आणि वस्तू जिवंत ठेवतात. 'दोन गटांत हाणामारी' या मथळ्याखाली मारणारे शंभर आणि मार खाणारे एकाच घरातले पाच असतात. 'विशिष्ट समाज' म्हणजे कोण, हे वाचकाला बरोबर कळते, पण लिहिणारा जबाबदारीतून सुटतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत असे ठरले. तिच्या गावात पाटी बदलली. नळाची लाइन अजून पाटीच्या अलीकडेच थांबते. "आता तक्रार लिहायची तर काय लिहायचं? समतानगरला पाणी नाही म्हणलं तर कुणाला काय कळणार?" असा तिचा सवाल आहे.

सवाल बिनतोड वाटतो, पण आम्हाला तो अर्धा वाटतो. नाव बदलणे आणि नाव पुसणे यांत फरक आहे आणि तो कोण बदलतो यावर ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आमच्या आजोबांच्या पिढीने स्वतःहून एक शब्द टाकला आणि दुसरा उचलला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि त्यापायी आमची घरे जळाली, माणसे मेली. १९९४ ला नामविस्तार झाला. पाटीसाठी एवढी किंमत मोजलेल्या समाजाने पाटी बदलणे म्हणजे न्यूस्पीक असे म्हणू नये. 'दलित' शब्दाचेही तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला तेव्हा काही स्तंभलेखकांना लगेच ऑर्वेल आठवला. पण ते प्रकरण नागपूर खंडपीठात नेणारा माणूस चळवळीतलाच होता, आणि आम्ही बौद्ध, आम्हाला हा शब्द नको, असे म्हणणारे आमच्यात हजारो आहेत. दुसरीकडे १९७२ च्या पँथरने तोच शब्द छाती पुढे काढून वापरला. हे भांडण आमच्या घरातले आहे. मंत्रालयाने पत्रक काढून ते मिटवू नये आणि स्तंभलेखकानेही आमच्या वतीने शब्दाचा कैवार घेऊ नये. विद्यार्थिनीने हे ऐकून घेतले, पण पाण्याच्या लाइनचे उत्तर तुम्ही दिले नाही म्हणाली. ते दिलेले नाही हे मान्य.

दुसरा मतभेद अधिक गंभीर आहे. निबंधाच्या शेवटाकडे ती लिहिते की पाळतीची भीती ज्यांना नवी आहे त्यांनी घाबरावे. गाव ही आमची जुनीच टेलिस्क्रीन आहे. कोणाच्या पोरीने कोणता ड्रेस घातला, कोणाच्या दारात नवी मोटारसायकल आली, वरातीत नवरदेव घोड्यावर बसला का, मोबाइलवर कोणती रिंगटोन वाजली, हे सगळे बघणारे डोळे आधीपासून आहेत, त्यांना वीज लागत नाही. बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्यांबद्दल जे कठोर उद्गार काढले ते याच अनुभवातून. इथपर्यंत आम्ही तिच्याबरोबर आहोत. पण यातून ती जो निष्कर्ष काढते, की फोनवरची पाळत हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, तो आम्हाला मान्य नाही.

कारण गावाचे डोळे आणि सरकारचे डोळे एकमेकांना पर्याय नाहीत. ते एकत्र येतात. खैरलांजीवर पुस्तक लिहून बातम्यांतून जात कशी गाळली गेली हे ज्यांनी जगापुढे मांडले, त्या आनंद तेलतुंबडे यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली ती तारीख १४ एप्रिल २०२० होती. भीमजयंती! कोरोनाच्या टाळेबंदीमुळे समाज घरात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत ते तुरुंगात होते. तेव्हा स्वातंत्र्यावरचे लेख लिहिणाऱ्यांना 'हा तुमचा प्रश्न' म्हणून वाटेला लावणे आम्हाला परवडणारे नाही. हा आमचाच प्रश्न आहे आणि तो आमच्यापासून सुरू होतो. लेख त्यांनी लिहावेत, पण वाक्याची सुरुवात कुठून करायची ते आम्हाला विचारून.

हे आम्ही स्तंभलेखकांना मुद्दाम सांगतो, कारण ऑर्वेलच्या जोडीला ते हमखास बाबासाहेबांना उद्धृत करतात. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण, कादंबरी आली त्याच वर्षातले. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा त्यातला इशारा त्यांच्या कात्रणांत सापडतो आणि तो बिग ब्रदरला चपखल लागू पडतो. पण त्याच भाषणात, त्या इशाऱ्यानंतर लगेचच, बाबासाहेब राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणा असे बजावतात. २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समान आणि समाजजीवनात विषम अशा विसंगतीत पाऊल टाकणार आहोत, असे सांगतात. विद्यार्थिनीच्या वहीतल्या ज्या लेखांत हे भाषण आले, त्यांत पहिला इशारा आहे आणि दुसरा नाही. हे काम सत्य मंत्रालयाने केलेले नाही. शब्दमर्यादेने केले म्हणतील.

निबंधाच्या गुणांचे पुढे काही झाले नाही. ती पुन्हा तपासायला देणार होती, मग परीक्षा आल्या. मात्र तिने एक काम सुरू केले आहे. वस्तीतल्या सत्तरीच्या पुढच्या बाया-माणसांशी बोलून ती मोबाइलवर त्यांचे बोलणे मुद्रित करते. प्रश्नांची यादी तिची तिनेच केली. 'पूर्वी बरं होतं की आता?' हा विन्स्टनचा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी खोडून टाकला. त्याऐवजी आहे : रस्त्याने समोरून कोण आलं की तुम्ही बाजूला व्हायचा? किती? चप्पल हातात घ्यायची का पायातच ठेवायची? चहा कशात द्यायचे, आणि ते भांडं कुठं ठेवलेलं असायचं? पहिली मुलाखत तिच्या आजीची झाली. चाळीस मिनिटांची आहे आणि त्यात बरेचसे बोलणे ज्वारीच्या मापाबद्दल, पायलीत किती शेर आणि खळ्यावर मापताना मालक बोट कसे आत धरायचा याबद्दल आहे. दोन ठिकाणी आजी मध्येच थांबते. तिथे आम्ही वेळ लिहून ठेवली आहे आणि बाकीचे शब्दशः उतरवून घेत आहोत. पूर्ण झाले की तिच्या नावाने प्रसिद्ध करू. या वेळी नाव द्यायला ती तयार आहे.

जयभीम.